पंखे ३, ट्यूबलाइट ४: भाड्याच्या घरातली सामानाची यादी नेमकी कशासाठी?

लीव्ह अँड लायसन्सच्या ऍग्रीमेंटचं शेवटचं पान सहसा कुणी वाचत नाही. भाडं किती, डिपॉझिट किती, नोटीस किती दिवसांची, एवढं पाहून लोक सह्या करतात. शेवटी ‘परिशिष्ट’ म्हणून एक कोष्टक येतं: सीलिंग फॅन ३, ट्यूबलाइट ४, गीझर १, लाकडी कपाट १, पडद्यांचे रॉड. बऱ्याचदा हे कोष्टक आधीच्या भाडेकरूच्या ऍग्रीमेंटमधून जसंच्या तसं उचललेलं असतं, आणि त्यातला एक पंखा मधल्या काळात भंगारात गेलेला असतो. ब्रोकर म्हणतो, "ते फॉर्मॅटमध्ये असतंच, सोडा."

माझ्या पीएचडीचा विषय मुंबईतल्या भाड्याच्या घरांची कागदपत्रं हा आहे, त्यामुळे मी मात्र आधी हेच पान उघडते. आज आपल्याला वाटतं की यादी म्हणजे सामानाची राखण; कपाटाचं दार तुटलं तर डिपॉझिटमधून पैसे कापता यावेत म्हणून केलेली नोंद. हे काम ती करतेच. पण विसाव्या शतकातला बराच काळ मालकाच्या लेखी यादीचं मोठं काम वेगळं होतं. कपाट वाचलं नाही तरी चालेल, घर वाचलं पाहिजे, असा तो हिशेब होता. कायदा भाडेकरूला संरक्षण देत होता, आणि ‘हा माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नाहीच’ हे सिद्ध करायला मालकांना जे पुरावे लागत, त्यांत खुर्च्या-टेबलांची यादी होती. कायदा बदलला की यादीचं कामही बदलत गेलं. ते कसं, हे या पोस्टमध्ये सांगायचा प्रयत्न करते.

आधी लंडन

मुंबईची गोष्ट सांगायला आधी ब्रिटनला जावं लागतं, कारण आपल्याकडचे भाडेनियंत्रण कायदे तिथल्या कायद्यांच्या पाठोपाठ आले आणि फर्निचरच्या मुद्द्यावर त्यांच्यापासून वेगळे झाले. तो वेगळेपणा लक्षात आला नाही, तर मुंबईत लीव्ह अँड लायसन्सचं एवढं पेव का फुटलं हेही पुरतं कळत नाही.

१९१५ साल. पहिलं महायुद्ध चालू होतं. दारूगोळ्याच्या आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांमध्ये कामगार लोटले होते, नवी बांधकामं जवळपास थांबली होती, आणि मालकांनी भाडी वाढवायला घेतली होती. ग्लासगोमध्ये मेरी बार्बर आणि त्यांच्यासारख्या बायकांच्या पुढाकाराने भाडं न देण्याचा मोठा संप झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने कायदा करून छोट्या घरांची भाडी युद्धापूर्वीच्या पातळीला बांधली आणि नियमित भाडं भरणाऱ्याला घराबाहेर काढणं अवघड केलं.

या कायद्यात एक सूट होती. ज्या घराच्या भाड्यात जेवणाचे, नोकरांच्या सेवेचे किंवा फर्निचर वापरण्याचे पैसे धरलेले असतील, ते घर कायद्याच्या बाहेर. यामागची कल्पना समजण्यासारखी आहे. सामानासकट खोली, वर जेवण, कामाला बाई, म्हणजे ते लॉजिंग-बोर्डिंगच झालं. त्याला ‘घर भाड्याने देणं’ कशाला म्हणायचं?

पण सूट म्हटली की तिच्यातून गाडी घालायचा प्रयत्न होणारच. खोलीत थोडंफार सामान ठेवायचं, त्याची यादी कराराला जोडायची, आणि म्हणायचं की हे घर ‘फर्निश्ड’ आहे. मग भाडं हवं तेवढं लावा, हवं तेव्हा माणूस बाहेर काढा. किती सामान असलं म्हणजे सूट मिळते, याबद्दल मूळ कायदा गप्प होता. १९२३ मध्ये हा प्रश्न लंडनच्या अपील न्यायालयापुढे आला, आणि न्यायालयाने म्हटलं की फर्निचर अगदीच नगण्य नसेल तर थोडं असलं तरी पुरे. मालकांना रान मोकळं झालं. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती केली: भाड्याच्या रकमेतला बराचसा भाग फर्निचरपोटी आहे असं दाखवता आलं तरच सूट, आणि हा भाग ठरवताना फर्निचरची *भाडेकरूच्या दृष्टीने* असलेली किंमत बघायची.

हा शेवटचा शब्दप्रयोग मला फार आवडतो. मालकाने ते टेबल केवढ्याला घेतलं हे महत्त्वाचं नाही, राहणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग किती, हे महत्त्वाचं. म्हणजे आजोबांच्या काळातला भलामोठा आरसा यादीत कितीही भारी दिसला, तरी राहणाऱ्याच्या लेखी तो अडचणच असेल तर त्याचं वजन कमी. इथून पुढे नुसती यादी पुरेना, प्रत्येक वस्तूपुढे किंमत लागायला लागली, आणि न्यायाधीशांना खुर्च्या-गाद्यांचे भाव काढत बसावं लागलं. ‘बराचसा भाग’ म्हणजे नक्की किती हा वाद १९४८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. त्यांनीही ठरावीक टक्केवारी सांगायला नकार दिला. ज्या त्या न्यायाधीशाने परिस्थिती बघून ठरवावं, म्हणाले.

आणखी एक वाट होती. भाडं गोठलेलं, घर मिळणं दुर्मीळ, मग घर देताना हातात रोख रक्कम मागायची. तिथेही हे बेकायदा होतं. म्हणून मालक म्हणे, घर याच भाड्याला घ्या, पण आतलं फर्निचर विकत घ्यावं लागेल. मोडक्या सोफ्याला नव्या सोफ्याच्या कितीतरी पट भाव. ब्रिटनच्या १९७७ च्या रेंट ऍक्टमध्ये यावर मजेशीर तोडगा आहे: फर्निचरची वाजवीपेक्षा जास्त घेतलेली किंमत ही बेकायदा पागडीच समजायची, आणि असं फर्निचर विकू पाहणाऱ्याने प्रत्येक वस्तूची किंमत दाखवणारी लेखी यादी द्यायची, दिली नाही तर तो गुन्हा. जी यादी मालक स्वतःच्या बचावासाठी करत होता, तीच आता कायदा त्याच्याकडून भाडेकरूच्या बचावासाठी मागत होता.

मुख्य सूट मात्र त्याआधीच संपली होती. १९७४ च्या ऑगस्टपासून फर्निश्ड घरातल्या भाडेकरूंनाही इतरांसारखंच संरक्षण मिळालं, आणि जवळपास साठ वर्षं चाललेला खुर्च्या मोजण्याचा खेळ तिथे थांबला.

मुंबईत खुर्ची कामाची नव्हती

आता आपल्याकडे. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये युद्धकाळातल्या भाड्यांवर निर्बंध घालणारा कायदा आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास १९३९ आणि १९४४ चे कायदे आले, आणि मग तो सुप्रसिद्ध १९४७ चा ‘मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण कायदा’. सगळे त्याला नुसतं ‘बॉम्बे रेंट ऍक्ट’ म्हणतात. १ सप्टेंबर १९४० ला असलेलं भाडं हे ‘प्रमाण भाडं’ धरून या कायद्याने ते गोठवलं. दक्षिण मुंबईत आजही लोक काहीशे रुपयांत राहतात ते याचंच फळ. (हे चांगलं की वाईट, यावर तुमचे आणि माझे मतभेद असू शकतात. तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

या कायद्यातल्या ‘जागा’ या शब्दाच्या व्याख्येकडे बघा. जागा म्हणजे इमारत किंवा तिचा वेगळा भाड्याने दिलेला भाग. त्यात बाग, मोकळी आवार-जमीन, गॅरेज, आउटहाऊस येतात. जास्त चांगला उपयोग व्हावा म्हणून बसवलेल्या फिटिंग्ज येतात. आणि मालकाने वापरायला दिलेलं फर्निचरही येतं. हॉटेल-लॉजमधली खोली तेवढी वगळली आहे, तिच्यासाठी वेगळी कलमं.

लंडनमध्ये फर्निचर ठेवलं की घर कायद्याबाहेर जाण्याची शक्यता होती. मुंबईत फर्निचर ठेवलं की ते फर्निचरही घरासोबत कायद्याच्या आत. पलंग दिलात? पलंगासकट प्रमाण भाडं. म्हणजे नुसत्या फर्निचरच्या जोरावर सुटण्याची वाट व्याख्येतच बंद झाली होती. मालकाला दुसरी वाट शोधणं भाग होतं, आणि ती १८८२ मध्येच तयार होऊन पडली होती.

१८८२ साली दोन कायदे झाले. एक, मालमत्ता हस्तांतरण कायदा, ज्यात ‘लीज’ म्हणजे काय ते कलम १०५ मध्ये आहे: जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच दुसऱ्याच्या नावे होतो. दुसरा, भारतीय सुविधाधिकार कायदा, ज्यात कलम ५२ मध्ये ‘लायसन्स’ आहे: मालकाने नुसती परवानगी दिली, जागेत कसलाही हक्क निर्माण झाला नाही. दुसरा कायदा सुरुवातीला मुंबई इलाख्याला लागू नव्हता, १८९१ मध्ये तो इथवर आणला गेला. १९४७ च्या भाडेनियंत्रणाचं संरक्षण भाडेकरूला होतं, आणि लायसन्सवाला तर भाडेकरूच नव्हे. मग भाडेचिठ्ठीऐवजी ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहा, ‘भाडं’ ऐवजी ‘मोबदला’ म्हणा, ‘मालक-भाडेकरू’ ऐवजी ‘लायसन्सर-लायसन्सी’.

पण शब्द बदलून कोर्ट फसत नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलमधल्या केशकर्तनालयाचं प्रकरण आलं. हॉटेलच्या क्लोकरूममध्ये हे दुकान चालत होतं, आणि ते लीज आहे की लायसन्स असा वाद होता. त्यात न्या. सुब्बाराव यांनी मांडलेली कसोटी आजही वकील तोंडपाठ म्हणतात: कागदावरचं नाव बघू नका, व्यवहाराचं खरं स्वरूप आणि पक्षांचा हेतू बघा, जागेचा ताबा एकट्याचा, म्हणजे मालकालाही बाहेर ठेवणारा असेल, तर प्रथमदर्शनी ती लीज.

आता मालकापुढचा प्रश्न असा: माणूस तर घरात राहणार, चावी त्याच्याकडे, आणि तरी ताबा आपल्याकडेच आहे असं दाखवायचं कसं? इथे यादी परत आली. या काळातल्या करारांचा साचा ओळखीचा आहे. घरातलं सामान मालकाचं आहे, ते मालकाच्याच ताब्यात राहील, लायसन्सीला ते फक्त वापरायची मुभा आहे. एक कपाट किंवा एक खोली मालकाने कुलूप लावून स्वतःकडे ठेवली आहे. एक जादा चावी मालकाकडे आहे. तो कधीही येऊन पाहणी करू शकतो. सामानाची लांबलचक यादी इथे साक्षीदार म्हणून उभी आहे. जिथे माझं कपाट, माझा पलंग, माझी भांडी आहेत, तिथून मी गेलेलोच नाही, असं ती मालकाच्या वतीने सांगते. आता कुलूपबंद कपाटात जुनी वर्तमानपत्रं असली, तरी कागदावर ते कपाटच.

यादीला आणखी एक कायदेशीर कारण होतं, आणि ते मला जास्त पायाभूत वाटतं. लीजमध्ये मालकाला काही गोष्टी करारात न लिहिताही मिळतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आहे की भाडेकरूने जागा जशी मिळाली तशा चांगल्या अवस्थेत ठेवायची आणि परत करायची, वाजवी वापराने झालेली झीज आणि न टाळता येणारी आपत्ती तेवढी सोडून. लायसन्सला हे कलम लागू नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये उलट लायसन्सीचा हक्क आहे: परवानगी रद्द झाली की त्याला निघायला आणि *त्याला तिथे ठेवू दिलेल्या वस्तू* घेऊन जायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. मग कोणत्या वस्तू त्याच्या आणि कोणत्या मालकाच्या? हे सांगणारं दुसरं काही नाही, यादीच. लीज सोडून लायसन्सकडे जाताना मालकाने भाडेनियंत्रण चुकवलं खरं, पण कायद्याने आयतं दिलेलं एक संरक्षणही गमावलं, आणि ते त्याला स्वतःच्या हाताने परिशिष्टात लिहावं लागलं.

१ फेब्रुवारी १९७३

लायसन्सची युक्ती इतकी पसरली की शेवटी राज्याने त्यावर घाव घातला. १९७३ च्या दुरुस्तीने बॉम्बे रेंट ऍक्टमध्ये कलम १५-अ आलं. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो कुणी चालू लायसन्सवर, एका खोलीपेक्षा कमी नसलेल्या जागेत राहत असेल, तो त्या दिवसापासून कायद्याने भाडेकरू समजला जाईल.

त्या एका तारखेने काय केलं असेल याचा विचार करा. आदल्या दिवशीपर्यंत ज्याला अकरा महिन्यांनी बॅग भरायची होती, तो कायमचा झाला. आणि ज्याचं लायसन्स त्याआधी संपलं होतं पण जो घरात होता, त्याचं काय? १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या दिवशी लायसन्स *चालू* असायला हवं. संपल्यावर नुसतं बसून राहणाऱ्याला हे संरक्षण नाही. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत, निव्वळ कराराच्या शेवटच्या तारखेमुळे, एक घरवालं आणि एक बेघर. मालकांच्या मनात बसलेली भीतीही इथलीच. ‘एकदा आत घेतला की निघत नाही’ हे वाक्य मुंबईत अजून ऐकू येतं, आणि वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटमागे बऱ्याचदा तेच असतं.

यादीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची आहे ती या दुरुस्तीतली ‘लायसन्सी’ची व्याख्या, म्हणजे त्यातून कोणाला वगळलं ती. मालक स्वतः राहतो त्या घरातला पेइंग गेस्ट वगळला. मालकाचा नोकर वगळला. हॉटेल, हॉस्टेल, क्लब, धर्मशाळेतला वगळला. आणि मालकाचाच चालू धंदा चालवणारा माणूस वगळला.

या शेवटच्या अपवादाने दुकान-हॉटेलांच्या जगात ‘कंडक्टिंग ऍग्रीमेंट’ला बळ दिलं. मी तुला जागा दिलेली नाही, माझा चालू धंदा चालवायला दिलाय, असं म्हणायचं. मग धंदा खरंच माझा आणि खरंच चालू होता हे दाखवायला लागतं, आणि ते दाखवतं कोण? पुन्हा यादीच. गल्ला, संगमरवरी टॉप असलेली टेबलं, लाकडी खुर्च्या, काचेचं कपाट, बॉयलर, बश्या-कप, फ्रिज, वजनकाटा, शिवाय कुणाच्या नावावर कोणतं लायसन्स. घराच्या यादीत चार ओळी पुरतात. कंडक्टिंगच्या यादीला पानं लागतात, कारण तिथे रिकामा गाळा आणि चालू धंदा यांतला फरक याच सामानात आहे. यादीत फक्त ‘गाळा १, शटर १’ असेल तर तो धंदा नव्हे, जागाच. या कागदांत सगळ्यात जिवंत याद्या मला याच वाटतात. शहराच्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने खरं तर इथून सुरुवात करावी.

यादी पुन्हा यादी झाली

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दशकानुदशकं भाडी गोठवणारी बॉम्बे रेंट ऍक्टची कलमं काळाच्या ओघात अवाजवी झाली आहेत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातलं कलम ५६ पागडीला राजमान्यता देतं. पण आपल्या विषयाला कलम २४ आणि ५५ महत्त्वाची.

कलम ५५ म्हणतं की करार लीजचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जाईल. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. (गंमत म्हणजे अकरा महिन्यांचा रिवाज रूढ झाला तो एक वर्षाहून जास्त मुदतीची लीज नोंदवावी लागते म्हणून. आता सगळेच करार नोंदवावे लागतात, तरी अकरा महिने काही सुटत नाहीत.) कलम २४ नुसार मुदत संपल्यावर लायसन्सी निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट मोबदला मागू शकतो. या कलमाखाली लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टीचा *निर्णायक पुरावा* मानला जातो.

म्हणजे आता ‘हा भाडेकरू नाही’ हे खुर्च्यांनी सिद्ध करायची गरज उरली नाही. ते काम नोंदणीच्या शिक्क्याने घेतलं. कुलूपबंद कपाटाचं कलम जुन्या मसुद्यांतून अजून वाहत येतं, पण त्याचा जीव गेलेला आहे. यादी मोकळी झाली, आणि बहुधा पहिल्यांदाच तिला फक्त सामानाबद्दल बोलता येऊ लागलं.

पण लोक यादी करतात ती जुन्याच सवयीने: वस्तूंची नावं आणि संख्या. ‘मालकी माझी’ हे सांगायला तेवढं पुरेसं होतं. नुकसान सिद्ध करायला पुरत नाही. सक्षम प्राधिकारी ताबा आणि दुप्पट मोबदला बघतो. तुटलेल्या कपाटाचा वाद त्याच्यापुढचा नाही. तो डिपॉझिटवर, आणि चिघळलाच तर दिवाणी न्यायालयात. तिथे प्रश्न असतो: आधी कसं होतं, नंतर कसं झालं, आणि फरक झिजेचा की निष्काळजीपणाचा?

याला मराठी माणसाच्या ओळखीचा नमुना खरं तर पंचनामा आहे. पंचनाम्यात नुसतं ‘कपाट १’ लिहीत नाहीत. कुठे होतं, कोणत्या अवस्थेत, कोणासमोर पाहिलं, किती वाजता, हे लिहितात, आणि खाली सह्या घेतात. भाड्याच्या घराची यादी तशी केली तर मालकाचं खरं संरक्षण होतं. ‘फ्रिज १’ ऐवजी कंपनी, लिटर, सिरियल नंबर. ‘सर्व वस्तू सुस्थितीत’ हे वाक्य काढून टाकून, ‘बेडरूमच्या खिडकीच्या डाव्या काचेला तडा, ओट्याच्या कडेला टवका’ असं. मालकांना वाटतं दोष लिहिले की आपली बाजू लंगडी होते. होतं उलट. जी यादी जुना तडा मान्य करते, तिच्यात नसलेला तडा नवा आहे हे पटतं. एकदा अटी लेखी करारात गेल्या की त्यांच्या विरोधात तोंडी पुरावा सहसा चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. पण जे लिहिलंच नाही त्याला ते तत्त्व काय वाचवणार?

किमतीबद्दलही एक गोष्ट. काही जण प्रत्येक वस्तूपुढे रक्कम लिहितात आणि समजतात की वस्तू बिघडली की तेवढे पैसे वसूल. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा; मिळते ती वाजवी भरपाई. सात वर्षं जुन्या गीझरला नव्याची किंमत लावून उपयोग नाही. ‘भाडेकरूच्या लेखी किंमत’ काढणारा १९२३ चा ब्रिटिश कायदा इथे लागू नाही, पण त्यातली समज उपयोगी आहे.

वेळेचा घोळ तर जवळजवळ सगळीकडे. करार नोंदवतात एका दिवशी, चावी देतात आठ-दहा दिवसांनी. मधल्या काळात रंगारी येऊन जातो, मालक एक पलंग हलवतो, आणि नोंदवलेली यादी चावीच्या दिवशीच खोटी ठरते. म्हणून चावी देताना घरात उभं राहून दोघांनी मिळून दुसरी तारीखवार यादी करावी, मीटरचं रीडिंग आणि चाव्यांची संख्या तिच्यात लिहावी, दोघांनी प्रत्येक पानावर सही करावी, एकेक प्रत ठेवावी. निघताना तीच यादी पुढच्या रकान्यात भरायची. नवी यादी नको, नाहीतर तुलना कशाशी करणार? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ पासून डिपॉझिट अधिकृत योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं, आणि वाद झाला तर सुरुवात इथून होते की पैसे भाडेकरूचे आहेत, कापायचे असतील तर मालकाने सिद्ध करावं. आपल्याकडे डिपॉझिट मालकाच्या खात्यात असतं, त्यामुळे सिद्ध करण्याचं ओझं व्यवहारात भाडेकरूवर येऊन पडतं. त्याच्या हातात सही केलेली प्रत असणं हाच त्याचा काय तो आधार. यादी मालकाचं रक्षण करते हे खरं, पण दोघांच्या सह्यांची यादी दोघांच्याही कामाची, आणि एकट्याने लिहिलेली यादी कोर्टात मालकाच्याही फारशी कामाची नाही.

फोटो-व्हिडिओ आता सगळेच काढतात. २०२० मध्ये जालना विधानसभा निवडणुकीच्या प्रकरणात, उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का हे कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवताना, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. व्हॉट्सऍपवर पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्याची हॅश मूळ फोटोशी जुळत नाही. तेव्हा भिंतीतल्या ओलीचा फोटो ज्या फोनने काढला तो फोन जपून ठेवा, किंवा मूळ फाइल तरी. आणि त्या ओलीबद्दल एक ओळ हाताने यादीतही लिहा.